शस्त्रविद्येचा वस्ताद आणि शिष्याचे पूर्वचरित

पूर्वी गुन्हा केलेल्या मनुष्यास शस्त्रविद्येच्या किंवा मल्लविद्येच्या गुरूने शिष्य म्हणून स्वीकारावे की नाही, हा प्रश्न सामान्यतः नीतिशास्त्राचा समजला जातो. तथापि तो इतिहासाचाही प्रश्न आहे. ‘गुन्हेगार’ हा शब्द कोणी, कोणास व कोणत्या काळी लावला, हे पाहिल्याखेरीज त्याचे समाधानकारक उत्तर देता येत नाही. या दृष्टीने एकोणिसाव्या शतकातील पुणे प्रांताचा इतिहास विशेष उद्बोधक आहे.

शिष्याची पारख कशावरून करावी, हा वाद भारतीय परंपरेस नवा नाही. महाभारतातील द्रोणाचार्यांनी एकलव्यास नाकारले ते त्याच्या जन्मामुळे. त्याच्या हातून कोणताही अपराध घडलेला नव्हता. उलट, स्वपुत्र अश्वत्थाम्याचा स्वभाव ठाऊक असूनही त्यांनी त्यास ब्रह्मशिर अस्त्र दिले आणि मनुष्यांवर त्याचा प्रयोग करू नकोस, असे बजाविले. पुढे निद्रिस्त वीरांचा संहार करणारा व ते अस्त्र सोडणारा अश्वत्थामाच ठरला. कुल व जन्म यांवरून केलेली पारख किती फसवी असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

जन्मावरून पारख करण्याची हीच पद्धत ब्रिटिश राजवटीने कायद्याच्या रूपाने पुन्हा प्रचारात आणली. मराठेशाहीत गडांची राखण व गावची जागल ही कामे रामोशांकडे असत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर गडांवरील शिबंदी मोडली आणि या लोकांच्या उपजीविकेचा आधार तुटला. पुरंदरच्या परिसरात उमाजी नाईक यांनी केलेले बंड याच परिस्थितीतून उद्भवले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या उमाजींना सरकारने दरोडेखोर ठरविले, त्यांनाच मध्यंतरी माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावर नेमले होते. अर्थात गरज पडेल तेव्हा पूर्वचरित विसरण्यास सरकारचीही तयारी असे.

पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार मानल्या. हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. नोंदवहीत नाव, पोलिसांपुढे हजेरी आणि गाव सोडण्यास परवाना, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते. १९५२ मध्ये तो कायदा देशभर रद्द झाला. महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत रामोशी, कैकाडी, कंजारभाट आदी जमातींची जी नावे आढळतात, ती याच इतिहासाची साक्ष होत. अशा नोंदवहीवर विसंबून एखाद्या वस्तादाने शिष्य निवडले असते, तर त्याने मनुष्याची पारख न करता केवळ सरकारी शिक्क्याची नक्कल केली असती.

या पार्श्वभूमीवर पुण्याच्या गंज पेठेतील लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांच्या तालमीचे महत्त्व ध्यानी येते. वस्ताद स्वतः मांग समाजातील. ज्या समाजाकडे सवर्ण आणि सरकार दोघेही संशयाने पाहत, त्या समाजातील गुरूजवळ निरनिराळ्या जातींचे तरुण शिकत होते. आपण लहुजींजवळ दांडपट्टा व निशाणबाजी शिकलो, असे जोतीराव फुले यांनी लिहून ठेवले आहे. वासुदेव बळवंत फडके हेही त्याच तालमीचे शिष्य, अशी परंपरा आहे. या दोघांची चरित्रे शेजारी ठेवली असता एक विसंगती नजरेस येते. फडके हे लष्करी हिशेब खात्यातील कारकून. प्रवेशाच्या वेळी पूर्वचरित पाहिले असते, तर त्यांच्या नावे काहीच निघाले नसते. तरीही १८७९ मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली ती त्यांनाच. सारांश, पूर्वचरितावरून भावी वर्तनाचे अनुमान निघत नाही. आणि सरकारने ज्यास गुन्हा म्हटले, त्यास पुढील पिढ्यांनी देशभक्ती म्हटले.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. फडक्यांनी आपल्या बंडासाठी रामोशांना जवळ केले. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारी येथे पहिला दरोडा पडला. मात्र आपल्या साथीदारांचे लक्ष स्वराज्यापेक्षा लुटीच्या वाट्याकडे अधिक आहे, अशी खंत त्यांनी आपल्या आत्मवृत्तात व्यक्त केली आहे. त्या साथीदारांच्या दृष्टीने लूट हाच उपजीविकेचा प्रश्न होता, हे खरे. तथापि लुटल्या गेलेल्या घरांच्या दृष्टीने त्या भेदास फारसा अर्थ नव्हता. कोणालाही जवळ करताना गुरू वा नायक जो धोका पत्करतो, त्याचे मोल पुष्कळदा तिसऱ्याच कोणास द्यावे लागते. औदार्याचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

मग गुरूच्या हाती उरते काय? या बाबतीत जपानमधील जुन्या शस्त्रविद्यापीठांची रीत तुलनेसाठी उपयोगी पडते. पंधराव्या शतकापासून चालत आलेल्या कातोरी शिंतो परंपरेत प्रवेशाच्या वेळी शिष्याने आपल्या रक्ताची मुद्रा उमटवून शपथ घ्यावयाची असते. विद्या बाहेर फोडणार नाही, तिचा दुरुपयोग करणार नाही, जुगार खेळणार नाही व कुप्रसिद्ध स्थळी जाणार नाही, परवानगीवाचून अन्य पंथीयांशी शस्त्र भिडविणार नाही, असा तिचा आशय. ही सर्व कलमे भविष्यकाळाची आहेत. शिष्य काल कोण होता याची ही शपथ चौकशी करीत नाही. तो उद्या कसा वागेल, याबद्दल त्यास बांधून घेते.

केवळ शपथ पुरेशी नाही, हे उघड आहे. बजावणीनंतरही अश्वत्थामा चुकलाच. द्रोणाचार्यांचा खरा दोष पुत्राला शिकविण्यात नव्हता, तर शंका असताना अखेरचे अस्त्र देण्यात होता. प्रवेश देणे आणि सर्व विद्या देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यायाम, शिस्त व कवायत यांचे दार पूर्वचरितामुळे कोणासही बंद करण्याचे कारण नाही. मात्र प्राणघातक विद्या दीर्घकाळच्या प्रत्यक्ष सहवासानंतरच द्यावी, आणि ती रोखून धरण्याचा अधिकार गुरूने कधीही सोडू नये. हा नियम नामांकित कुळातील शिष्यास व तुरुंगातून सुटून आलेल्यास सारखाच लागू पडतो. नोंदवहीचे काम एका दिवसात होते, पारखेस वर्षे लागतात. त्या वर्षांची जबाबदारी घेण्यास जो वस्ताद तयार नाही, त्याने निष्कलंक शिष्यासही शस्त्र देऊ नये, असेच हा इतिहास सुचवितो.