वऱ्हाडातला र

‘वऱ्हाड’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवता येतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एका प्रकारात र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह असतं. दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र पडतो. अदृश्य अक्षरं म्हणजे कचरा, ती आधी काढून टाकायची, ही आमच्या धंद्यातली जुनी सवय. मी काम केलेल्या एका प्रकल्पात आम्हाला मिळालेला मराठी मजकूर असाच कुणीतरी आधी धुऊन दिलेला होता. त्यात वऱ्हाडाचं ‘वर्हाड’ झालं होतं, कुऱ्हाडीची ‘कुर्हाड’. ज्याने धुतलं त्याला हे अक्षर असतं हेच माहीत नसणार. हिंदीत ते लागतच नाही.

मराठीत लागतं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना दक्षिणा देतात, आचाऱ्यांना मजुरी. जागतिकीकरण, माध्यमं आणि संस्कृती असा विषय निघाला की आपण मालिका, हॉलिवुड, रील्स यांवर बोलतो, म्हणजे नळातून काय येतं यावर. नळ कुणी बसवला आणि त्याच्या तोटीला भोक केवढं, हे क्वचितच विचारतो. मला वाटतं, भाषेचं बरंचसं तिथेच ठरतं. माध्यम भाषेतल्या काही गोष्टी स्वस्त करतं, काही महाग. स्वस्त झालेलं टिकतं आणि दोन पिढ्यांनी तेच ‘आपलं’ वाटू लागतं.

मोडीचं उदाहरण घ्या. विल्यम केरीने श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, १८०५मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, ते देवनागरी खिळ्यांनी. १८१०मध्ये त्याचा मराठी कोश आला, तो मात्र मोडीत. म्हणजे मोडी छापता येत नव्हती असं नाही. पण हात न उचलता, झरझर लिहिण्यासाठी घडलेली ती लिपी. तिचं सगळं सौंदर्य अक्षराला अक्षर लागण्यात. शिशाच्या सुट्या खिळ्यांमध्ये ती अवघडून जाते. बाळबोध अक्षरं मुळातच सुटी उभी राहणारी. १८३२मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं. त्यात शेजारी शेजारी दोन स्तंभ होते, एक इंग्रजी आणि एक बाळबोध मराठी. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरने बाळबोध खिळे इतके देखणे केले की छापील मराठीचा चेहरा तोच झाला. मोडी कचेऱ्यांत आणि चोपड्यांत विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली, मग शाळेतूनही गेली. सगळा दोष छापखान्याचा नाही. सरकारी निर्णय होते, पाठ्यपुस्तकं होती. पण आज आपल्याच पणजोबांचं खरेदीखत वाचायला जाणकार शोधावा लागतो, यात खिळ्यांचा वाटा आहेच.

यंत्रासाठी भाषेने वाकावं, असं आपल्यातल्याही मोठ्या माणसांना वाटलेलं आहे. सावरकरांच्या लिपिसुधारणेत इ, उ ऐवजी अि, अु होते. खिळे कमी लागावेत, टंकलेखन सोपं व्हावं हा त्यामागचा एक हेतू. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिकं कित्येक वर्षं तशीच छापली जात. (जुना अंक हाती आला की ‘अितिहास’ वाचताना अजूनही ठेच लागते.) लोकांनी ते फारसं उचललं नाही. नंतर संगणक आला आणि खिळे मोजण्याचं कारणच उरलं नाही.

संगणकावर मात्र दुसराच खेळ सुरू झाला. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं मानक बनलं, १९९१मध्ये ते पक्कं झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली. तिची कल्पना इंजिनिअरला आवडेल अशी होती. सगळ्या लिप्यांचे तक्ते समांतर ठेवायचे. देवनागरीत ज्या घरात क, त्याच घरात तमिळचा, तेलुगूचा, बंगालीचा क. आता तमिळमध्ये एक वेगळा, कठीण र आहे. त्याच्यासमोर देवनागरीच्या तक्त्यातही घर आलं, तिथे टिंब दिलेला ऱ बसला. कागदोपत्री त्याचं काम द्राविडी र दाखवण्याचं. पण त्याच्या अर्ध्या रूपाला मराठीतला आडवा, पापणीसारखा र नेमून दिला गेला. म्हणजे वऱ्हाड, कऱ्हा, गोऱ्हा हे सगळे आज जगभरच्या यंत्रांत तमिळच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले आहेत. मराठी अस्मितेची भाषणं ऐकताना मला हे हमखास आठवतं.

मधल्या काळात मराठी वेगवेगळ्या बेटांवर राहत होती. श्रीलिपी, आकृती असे फॉन्ट होते, प्रत्येकाचा तक्ता निराळा. आत साठवलेली अक्षरं रोमन, वर मुखवटा मराठी. फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसता गिचमिड कचरा. वृत्तपत्रांची संकेतस्थळं आधी फॉन्ट उतरवून घ्यायला सांगत. त्या वर्षांतले कितीतरी दिवाळी अंक फायलींच्या रूपात आहेत, पण शोधता येत नाहीत. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९९६मध्ये मायबोली सुरू केली, २००३मध्ये मराठी विकिपीडिया आला. पुढे युनिकोड रुळला, तेव्हा पुण्यातला आणि न्यू जर्सीतला मजकूर पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने एकाच लिपीत आला. जागतिकीकरणाने मराठीला दिलेली ही गोष्ट मी मोठी मानतो.

पण तीही अर्धवट. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८मध्ये आलं. तोपर्यंत अ वर चंद्र ठेवून लोकांनी काम भागवलेलं होतं. त्यामुळे ॲप, ॲसिड, बॅटचा भाऊ ॲट हे शब्दही दोन प्रकारे साठलेले आहेत आणि युनिकोडच्या नियमांनी ते दोन प्रकार एक धरले जात नाहीत.

आणि ल, श. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला. हिंदी वळणाचा ल दांडीचा. पण युनिकोडच्या लेखी दोन्ही ल एकच आहेत, रूप ठरवतो फॉन्ट. फोनमध्ये कारखान्यातून जो फॉन्ट येतो त्यात बहुधा हिंदी रूप आधी असतं. कोट्यवधी वाचणारे तिकडे, हिशेब सरळ आहे. मुंबई-पुण्यातल्या दुकानांच्या पाट्यांवर आता दांडीचा ल सर्रास दिसतो आणि कुणाला तो खटकतही नाही. चांगल्या फॉन्टांमध्ये मराठी रूपंही दडवून ठेवलेली असतात. ती बाहेर यायला वेबपानाने सुरुवातीलाच आपण मराठी आहोत असं सांगावं लागतं, दोनच अक्षरांत : एम आणि आर.

मराठी संकेतस्थळ उघडलं की मी सवयीने ती ओळ तपासतो. बऱ्याचदा तिथे इंग्रजी असं लिहिलेलं सापडतं.