परदेशातल्या मातीत आपले सैनिक : नाव कुठे शोधायचं, जियारतीला कुठे जायचं

कोकणात आणि सातारा-पुणे भागात अनेक मुस्लिम घरांतून एक गोष्ट ऐकायला मिळते. पणजोबा पलटणीत होते, पहिल्या लढाईत बसऱ्याला गेले, ते परत आलेच नाहीत. कबर कुठे आहे, मुळात आहे की नाही, घरात कुणालाच ठाऊक नसतं. आता त्यांचीच पतवंडं नोकरीनिमित्त लंडन-पॅरिसला असतात, सुट्टीत युरोप फिरतात, उमऱ्याला जाताना कैरोमार्गे उतरतात. आपल्या माणसासाठी फातिहा पढायला कुठे जायचं, हा प्रश्न त्यांना पडतो. म्हणून ही माहिती आम्ही एका ठिकाणी देत आहोत.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १० लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली. त्यातले ७४ हजारांच्या वर परतले नाहीत. फौजेत मुसलमान सुमारे ४ लाख होते. बहुतेक पंजाब आणि सरहद्दीकडचे, हे खरं; पण सगळे नव्हे. १९१४ साली मराठा पलटणींत साधारण सहा कंपन्या मराठ्यांच्या आणि दोन कंपन्या दखनी मुसलमानांच्या असत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी सहावी डिव्हिजन गेली तिचं नावच 'पुणे डिव्हिजन' होतं. तिच्यातल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुत-अल-अमारा गावात ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. उपासमारीने घोडे-खेचरं खाण्याची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार लोक शरण गेले, त्यातले बहुसंख्य हिंदी होते. पुढे वाळवंटातून अनातोलियाकडे चालवत नेताना आणि कैदेत हजारो मेले. घरच्या गोष्टीतलं 'बसरा' बहुतेक वेळा याच मोहिमेचं असतं.

या मयतांची नोंद ठेवण्यासाठी १९१७ मध्ये एक कमिशन स्थापन झालं. आज त्याचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन आहे. हुद्दा, वंश, धर्म काहीही असो, प्रत्येक मृताला सारखा मान द्यायचा, असं त्याचं तत्त्व. जनरल आणि शिपाई, दोघांच्या कबरीवर एकाच मापाचा दगड. ऐकायला फार चांगलं वाटतं.

बसऱ्याची भिंत मात्र वेगळंच सांगते. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजारांहून अधिक लोकांसाठी तिथे १९२९ मध्ये स्मारक उघडलं गेलं. त्यावर इंग्रज अधिकारी आणि शिपाई यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची नाही. त्यांच्या पलटणीचं नाव आणि पुढे आकडा : इतके मेले. एखादा शेख, एखादा खान, एखादा जाधव, सगळे त्या आकड्यात गेले. याच काळात फ्रान्समध्ये मेलेल्या हिंदी शिपायांची नावं मात्र दगडावर आली. म्हणजे माणूस तोच, पलटणही कधी कधी तीच, फक्त मेला कुठे यावर त्याचं नाव राहिलं की गेलं हे ठरलं.

हे आम्ही रागाने म्हणत नाही, कमिशननेच ते कबूल केलं आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण असमान पद्धतीने झालं. त्यात हिंदी, आफ्रिकी, इजिप्ती, सोमाली लोक प्रामुख्याने होते. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, लोकांचं नावानिशी स्मरण झालंच नाही, किंवा अजिबातच झालं नाही. कमिशनने माफी मागितली आणि नावं शोधण्याचं काम हाती घेतलं. बसऱ्याचं स्मारक १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने मूळ जागेवरून नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं गेलं. कुटुंबकबिल्यासह तिथे जाण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

फ्रान्स आणि बेल्जियम

फ्रान्समध्ये जाणं सोपं आहे. लील शहरापासून मोटारीने तासाभराच्या आत न्यूव्ह शापेल हे खेडं लागतं. मार्च १९१५ मध्ये इथे हिंदी फौज मोठी लढाई लढली. १९२७ मध्ये उघडलेल्या गोलाकार स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची आणि मजुरांची नावं आहेत. मध्ये सुमारे १५ मीटर उंच खांब, त्यावर कमळ, बाजूला दोन वाघ. ज्यांचा देह मिळाला नाही त्यांची ही जागा आहे, त्यामुळे तिथे जाऊन कबर शोधू नका. भिंतीवर पलटणीप्रमाणे नावं आहेत. बोट ठेवून वाचत गेलं की अली, खान, मोहम्मद दिसत राहतात.

बेल्जियममधल्या ईप्र गावाची मेनिन गेट ही कमानही तासाभराच्या अंतरावर आहे. तिच्यावरही हिंदी नावं आहेत आणि रोज रात्री आठ वाजता तिच्याखाली बिगुल वाजतं. याच गावाजवळ होलेबेके इथे ३१ ऑक्टोबर १९१४ ला १२९ व्या बलुची पलटणीचे शिपाई खुदादाद खान जखमी अवस्थेत मशीनगन चालवत राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले हिंदी सैनिक. ते बचावले आणि १९७१ पर्यंत जगले.

लंडनजवळ एका दिवसात

लंडनमध्ये नातलग असतील तर वॉटर्लू स्टेशनवरून गाडीने वोकिंगला जावं. तिथली शाहजहान मशीद १८८९ ची, ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली पहिली इमारत. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी जखमींसाठी इस्पितळ होतं. जे हिंदू आणि शीख तिथे वारले त्यांचं दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झालं, तिथे आज छत्री आहे. मुसलमान मय्यत वोकिंगला आणली जाई. इंग्रज आमच्या लोकांना शरियतप्रमाणे दफन करत नाहीत, असा प्रचार जर्मन करत होते. त्याला उत्तर म्हणून मशिदीजवळच्या हॉर्सेल कॉमन माळावर घुमट आणि कमानी असलेलं छोटं कब्रस्तान बांधलं गेलं. राजकारण होतंच, पण मय्यतीला गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज मिळाली, हेही खरं.

पुढे तिथे नासधूस होऊ लागली, म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस कबरी जवळच्या ब्रुकवुड लष्करी कब्रस्तानात हलवल्या. मूळ जागा दुरुस्त करून २०१५ मध्ये बाग म्हणून उघडली. २७ सैनिकांसाठी २७ भूर्जवृक्ष लावले आहेत. सकाळी मशीद आणि बाग, दुपारी ब्रुकवुड, असं आरामात होतं. ब्रुकवुड स्टेशनातून उतरलं की कब्रस्तान लागूनच आहे, पण आवार फार मोठं आहे, म्हणून निघण्याआधी प्लॉटचा क्रमांक लिहून घ्या.

बर्लिनच्या दक्षिणेला झेरेन्सडॉर्फ इथे २०६ हिंदी युद्धकैद्यांचं कब्रस्तान आहे. जर्मनांनी मुसलमान कैद्यांना आपल्या बाजूला वळवण्यासाठी जवळच 'चंद्रकोर छावणी' उभारली होती आणि १९१५ मध्ये तिथे मशीदही बांधली होती. कैरोच्या हेलिओपोलिस युद्ध कब्रस्तानात सुमारे ४ हजार हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. मूळ स्मारक सुएझजवळ होतं, ते अरब-इस्रायल लढायांत उद्ध्वस्त झालं. इटलीत कासिनोच्या स्मारकावर रायगडच्या माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे यांचं नाव आहे. जुलै १९४४ मध्ये ते पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडकरांनी तिथेही थांबावं.

नाव शोधताना

कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. अडचण स्पेलिंगची असते. शेख हे नाव चार-पाच प्रकारे लिहिलेलं सापडतं, मोहम्मदचे तर हिशेबच नाहीत. आडनाव बहुधा नसतंच, कारण कारकुनाने फक्त स्वतःचं आणि बापाचं नाव घेतलं. म्हणून सैनिकाच्या नावापेक्षा वडिलांचं नाव, गाव आणि पलटण यांवरून शोधणं बरं. अनेक हिंदी नोंदींत 'अमक्याचा मुलगा, अमकं गाव, तालुका, जिल्हा' असं दिलेलं असतं. जिल्हे जुनेच टाका. रायगड त्या वेळी कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता.

घरात काय आहे ते आधी पाहा. पितळी पदक असेल तर त्याच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. पेन्शनचा कागद, जुनं पत्र, मनीऑर्डरची पावती, काहीही चालतं. दादी-नानींना आजच विचारा, पुढच्या ईदवर ढकलू नका. पुरावा असेल तर राहून गेलेलं नाव नोंदवण्यासाठी कमिशनकडे अर्ज करता येतो. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

तिथे गेल्यावर

ही कब्रस्तानं सगळ्या धर्मांची असतात. मोठा दगडी क्रॉस दिसेल, त्याने बिचकू नये. मुसलमानाच्या दगडावर क्रॉस नसतो, अरबी मजकूर असतो. सलाम करावा, फातिहा पढावी, मगफिरतीची दुआ करावी. चादर किंवा अगरबत्ती नको, ती कर्मचाऱ्यांना उचलावी लागते आणि दगडही खराब होतो. दाराजवळच्या छोट्या पेटीत नोंदवही असते, तीत मराठीत लिहिलंत तरी चालतं. शेजारच्या शीख, गोरखा, इंग्रज कबरींकडेही दोन मिनिटं द्या, ते एकाच खंदकात होते.

काही वाचक विचारतात, की ही माणसं तर इंग्रजांसाठी लढली, त्यात खलिफाच्या तुर्की फौजेविरुद्ध. मग हा मान कशाला? प्रश्न त्या काळीही टोचत होता. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापुरात एका मुस्लिम पलटणीने बंड केलं, तेव्हा ४७ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. बाकीच्यांना पगार, जमीन, घरची गरज आणि पलटणीची इज्जत यांनी बांधून ठेवलं होतं. आम्हाला वाटतं, साम्राज्याचा हिशेब साम्राज्याकडून घ्यावा. मेलेल्या शिपायाचं नाव त्यासाठी अडवून धरू नये.

ज्यांना परदेश जमणार नाही त्यांच्यासाठी एक जागा मुंबईतच आहे. कोकणातले असंख्य मुसलमान खलाशी म्हणून बोटींवर होते, आणि पाणबुड्यांनी बोटी बुडवल्या तेव्हा त्यांना कबर म्हणून समुद्रच मिळाला. मस्जिद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या २ हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक खलाशांची नावं असलेलं पुस्तकही तिथे ठेवलेलं आहे. त्याची दुसरी प्रत चितगावला आहे. रत्नागिरी किंवा कुलाब्याच्या घरात कुणी 'बोटीवर गेले ते गेलेच' असं ऐकलं असेल, तर आधी तिथे जाऊन पाहावं.