रेव्हरंड टिळक आणि त्यांचे पाळक मित्र

आजचा भाग आहे रेव्हरंड नारायण वामन टिळकांवर. लोकमान्य वेगळे, हे वेगळे. जखमी पक्षिणीची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता आठवतेय? तिचे हे कवी. पण आज कविता बाजूला ठेवू. आज बोलायचंय ते टिळकांच्या मित्रांबद्दल. घरदार, जात, नातेवाईक सगळं एका दिवसात तुटलं, तेव्हा ज्या पाळकांनी या माणसाला धरून ठेवलं, त्यांच्याबद्दल.

‘पाळक’ म्हणजे कोण, ते आधी सांगतो, कारण मी बोलतोय तोंडवलीहून. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर चर्च म्हटलं की कॅथलिक चर्च, आणि तिथे असतात फादर. पाळक हा प्रोटेस्टंट मंडळींचा शब्द. मेंढ्यांचा मेंढपाळ, तसा मंडळीचा पाळक. तो लग्न करतो, संसार करतो, पोरांच्या फीची काळजी करतो. आमच्या जिल्ह्यात वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल उभं राहिलं ते अशाच एका प्रोटेस्टंट मिशनमुळे. टिळकांचा संबंध आला तो दुसऱ्या एका मिशनशी. मुंबई आणि अहमदनगरमध्ये काम करणारं अमेरिकन मराठी मिशन.

टिळकही कोकणातलेच. जन्म १८६१ सालचा, गाव करजगाव, तालुका दापोली. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे पंडित, शीघ्रकवी, आणि एका जागी न टिकणारा माणूस. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. गप्पा झाल्या. उतरताना त्याने ‘नवा करार’ हातात दिला आणि वर म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. त्या माणसाचं नाव टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हीआम्ही असतो तर पुस्तक कोपऱ्यात टाकून विसरलो असतो. टिळकांनी ते वाचलं, आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले.

आता हे सांगायचं कुणाला? बायकोला? मित्रांना? एक शब्द बाहेर पडला असता तरी आकांत झाला असता. म्हणून टिळकांनी टोपणनावाआड राहून ख्रिस्ती लोकांशी पत्रव्यवहार सुरू केला. आपण फेक अकाउंटवरून मनातलं विचारतो ना, साधारण तसंच. यातून त्यांची ओळख झाली मुंबईच्या रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी. अ‍ॅबट अमेरिकन मिशनचे, पण मराठी संतसाहित्यात बुडालेले. पुढे निवृत्त होऊन अमेरिकेला गेल्यावर त्यांनी एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई इंग्रजीत नेले. अशा माणसाला तुकारामाबद्दलचं प्रेम समजावून सांगावं लागत नाही. टिळकांना नेमका असाच माणूस हवा होता.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. गाडीतल्या त्या माणसाने म्हटलेली दोन वर्षं जवळजवळ भरलीच होती.

त्याची किंमत मात्र सगळ्यात जास्त मोजली लक्ष्मीबाईंनी. टिळकांच्या मित्रांचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. नवरा जिवंत आणि तरी नाही, कडेवर लहानगा दत्तू, आणि आधार नातेवाइकांचा. जवळजवळ पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी ते दिवस लिहून ठेवलेत, आणि तेही इतक्या मिस्कीलपणे, की हसता हसता पोटात तुटतं.

इकडे टिळक नगरला आले. तिथे होते डॉ. रॉबर्ट ह्यूम. नावाने अमेरिकन, पण जन्म १८४७ चा, तोही मुंबईत. नगरला पाळक तयार करणारी धर्मशिक्षणाची शाळा त्यांनीच सुरू केली होती. १९०० च्या आसपासच्या दुष्काळातल्या कामासाठी सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. ह्यूमनी या नवख्या ख्रिस्ती कवीला आपल्या शाळेत शिकवायला घेतलं. विचार करा, कालपर्यंत हिंदू असलेला माणूस उद्याच्या पाळकांना शिकवणार! नोकरी मिळाली हे आहेच, पण मला त्यातला विश्वास मोठा वाटतो. तू शिकायला आलायस असं न म्हणता, तुझ्याकडे देण्यासारखं काहीतरी आहे, असं त्यांनी कृतीतून सांगितलं.

लक्ष्मीबाई अखेर नवऱ्याकडे आल्या, त्या सोवळंओवळं घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. मग हळूहळू त्यांचं त्यांनाच पटत गेलं आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९०४ मध्ये टिळकांना रीतसर पाळकाची दीक्षा मिळाली. आता ज्यांनी आधार दिला, त्यांच्याच पंक्तीला ते बसले.

आणि इथे गोष्ट अवघड होते. मदत करणारा आणि मदत घेणारा, यांची मैत्री होते का? पगार परदेशातून येतो, निर्णय परदेशी मिशनरी घेतात, आणि देशी पाळकाने उपकार मानत राहायचं. १९१० मध्ये एडिंबरोला जगभरच्या मिशनांची मोठी परिषद भरली. तिथे व्ही. एस. अझरायाह हे तमिळ पाळक उभे राहिले. तुम्ही आमच्यासाठी भरपूर त्याग केलात, आता आम्हाला मित्र द्या, अशा अर्थाचं ते बोलले. सभागृहात बसलेल्या अनेकांना ते चांगलंच झोंबलं.

टिळकांची तक्रार तीच होती. मिशनऱ्यांच्या वर्चस्वावर त्यांनी उघड टीका केली. ख्रिस्ती भक्ती मराठीतच फुलली पाहिजे, अभंगात, भजनात, कीर्तनात, हा त्यांचा हट्ट. त्या हट्टातून ‘अभंगांजली’ आली, आणि मराठी चर्चमध्ये आजही गायली जाणारी कितीतरी गीतं आली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा राजीनामा दिला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही त्यात यावं. चर्चच्या चौकटीत ही कल्पना बसणारी नव्हती.

माझ्या मते मैत्रीची खरी परीक्षा इथे होती. पडलेल्याला हात देणं त्या मानाने सोपं. तोच माणूस उठून आपल्या संस्थेवर टीका करून निघून जातो, तेव्हा काय करायचं?

टिळकांना वेळ फार मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. पण पाळक मित्रांनी त्यांना सोडलं नाही, आणि गंमत म्हणजे त्यात दुसऱ्या पंथांचे लोक होते. निकल मॅकनिकल स्कॉटिश मिशनचे. त्यांनी टिळकांच्या गीतांचं इंग्रजी भाषांतर केलं, आणि त्यातलं एक तर इंग्रजी गीतपुस्तकांत कायमचं जाऊन बसलं. जॅक विन्स्लो अँग्लिकन. त्यांनी १९२३ मध्ये टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. ‘देवाचा दरबार’ टिळकांबरोबर विरला, पण विन्स्लोनी १९२२ मध्ये नगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला होता. खादी, साधं राहणं, भारतीय आणि इंग्रज एकाच छपराखाली. नगरहून तो पुढे पुण्याला गेला.

टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवटच राहिलं होतं. जेमतेम दहा-अकरा अध्याय झालेले. त्यात ६४ अध्यायांची भर घातली लक्ष्मीबाईंनी. ज्या नव्या धर्माने संसार मोडला म्हणून त्या एके काळी रडल्या होत्या, त्याचं काव्य त्यांनीच पुढे नेलं. त्यांच्यावर एक अख्खा भाग करायचाय. तोपर्यंत ‘स्मृतिचित्रे’ मिळवा आणि वाचायला घ्या.