वाचक पात्रे (कथासाहित्यातील)

कथा-कादंबऱ्यांतली जी पात्रे स्वतःच वाचक असतात आणि वाचनामुळे ज्यांच्या जगण्याची दिशा बदलते, ती वाचक पात्रे. यांचा सर्वांत समृद्ध नमुना म्हणजे मिगेल दे सर्व्हांतेस या स्पॅनिश लेखकाची ‘डॉन किहोते’ (भाग पहिला १६०५, दुसरा १६१५).

ला मांचातला पन्नाशीला टेकलेला, बेताच्या ऐपतीचा एक गृहस्थ शूर सरदारांच्या अद्भुतकथांपायी शेतजमीन विकतो आणि शेवटी स्वतःच सरदार बनून घराबाहेर पडतो. वाचनाने डोके फिरले, असे याचे सोपे निदान केले जाते. ते अपुरे आहे, कारण या कादंबरीत जो तो वाचक आहे. त्याची पुस्तके जाळायला काढणारे पाद्री आणि न्हावी त्या वाङ्मयाचे चांगले जाणकार. ‘आमादिस दे गाउला’ ते आगीतून वाचवतात. सुगीत कापणीची माणसे खानावळीत जमतात, अक्षरओळख असलेला एखादा पुस्तक मोठ्याने वाचतो आणि तिसांहून अधिक जण ऐकतात. सरकारी परवान्याने छापलेले खोटे कसे असेल, असे खानावळवाल्याला वाटते. तरी तो काळ सरला हे ओळखून तो आपला धंदा सांभाळतो. म्हणजे कथेवरचा विश्वास किहोतेपुरता नाही. वेगळेपण एवढेच, की कथेतले दुःख त्याला आपल्या अंगावर घ्यावेसे वाटते. बाहुल्यांच्या खेळात पळून जाणाऱ्या जोडप्याचा पाठलाग सुरू होताच तो तलवार उपसून बाहुल्या तोडतो आणि नंतर नुकसानभरपाईही देतो.

दुसऱ्या भागातील ड्यूक आणि डचेस यांनी पहिला भाग वाचलेला असतो. त्यांना कथा आणि वास्तव यांतला फरक नीट कळतो, आणि त्या जाणिवेचा उपयोग ते किहोतेची क्रूर थट्टा करण्यासाठी करतात. वाचकांच्या या गर्दीत सर्वांत रिते वाचक तेच.

पुढे जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’तील कॅथरिन आणि फ्लोबेरची एमा बोव्हारी (१८५७) किहोतेच्याच वंशातल्या. एमाची कल्पनाशक्ती तिला कर्जापर्यंत आणि विषापर्यंत नेते. पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधील तात्याना मात्र वेगळी. कादंबऱ्यांच्या नायकांवरून तिने ओनेगिनची प्रतिमा रंगवलेली असते. तो निघून गेल्यावर त्याच्या घरी बसून ती त्याची पुस्तके वाचते आणि समासातल्या नखाच्या व पेन्सिलीच्या खुणांवरून तो माणूस तिला प्रथमच उमगू लागतो.