उन्हाचं माप कुणी काढलं?

उन्हाळा लागला की आपण रोज ऐकतो, यवतमाळचा पारा 44 वर गेला, 45 वर गेला. हा आकडा उन्हाचा नसतो बरं का. तो सावलीत, लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो, म्हणजे हवेचा. ज्या उन्हात आपण कुरोड्या आणि मुंगवड्या वाळवतो, त्या उन्हाचं माप वेगळं आहे. ते कसं काढायला लागले, आणि त्यात एका बाईचा केवढा हात आहे, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात अगदी आपल्या चुलीजवळच्या वस्तूंनी झाली. सन 1838 च्या सुमारास फ्रान्समध्ये पुइये नावाच्या शास्त्रज्ञानं एक चपटा डबा घेतला, त्याला काजळी फासली, आत पाणी भरलं आणि तापमापक लावला. डबा काही मिनिटं उन्हात, काही मिनिटं सावलीत. पाणी किती तापलं यावरून ऊन किती पडलं याचा हिशेब. काळा डबा का, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. काळ्या बुडाचा गंज लवकर तापतो. हवेत किती ऊन अडतं तेही त्यानं धरलं आणि पृथ्वीच्या वर येणाऱ्या उन्हाचा जो आकडा काढला, तो आजच्या आकड्यापेक्षा दहाव्या हिश्शाइतकाच कमी भरला. डबा, पाणी आणि काजळी, एवढ्यावर!

आजचा आकडा आहे दर चौरस मीटरला सुमारे 1361 वॅट. हजार वॅट म्हणजे साधारण कपड्यांची एक इस्त्री. पण पृथ्वी भाकरीसारखी सपाट नाही, गोल आहे. अर्ध्या भागावर रात्र असते, कडेला ऊन तिरपं पडतं. भाकरीएवढ्या गोलात येणारं ऊन चौपट मोठ्या पृष्ठभागावर पसरतं, म्हणून सरासरी काढताना चारानं भागतात. उरतात 340 वॅट. त्यातलंही ढग, बर्फ आणि जमीन मिळून तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास परत आकाशात पाठवतात.

आता आपल्या देशाकडे येऊ. अण्णा मणी यांचा जन्म 1918 चा, केरळातल्या पीरमेडचा. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्याच्या कुड्या देऊ केल्या, तर त्यांनी त्याऐवजी ज्ञानकोश मागितला, असं सांगतात. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिऱ्यांवरच संशोधन केलं, प्रबंध लिहिला. पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं डॉक्टरेट दिली नाही. शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या आपल्यातल्या बायांना हे ऐकून काय वाटेल, ते आम्ही सांगायला नको. त्या मात्र लंडनला गेल्या, हवामानाची उपकरणं शिकल्या आणि 1948 मध्ये पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या.

तेव्हा बरीचशी उपकरणं परदेशातून यायची. मणींनी जवळपास शंभर उपकरणांचे नमुने पक्के करून ती इथंच तयार व्हावीत अशी सोय केली. 1957-58 मध्ये जगभर पृथ्वीच्या अभ्यासाचं आंतरराष्ट्रीय वर्ष पाळलं गेलं, त्या निमित्तानं त्यांनी देशात ऊन मोजणारी केंद्रं उभी केली. यंत्र असं: काचेच्या घुमटाखाली काळी पट्टी, ती तापली की दोन धातूंच्या जोडातून बारीकशी वीज निघते, त्या विजेवरून ऊन कळतं. पण यंत्र गावोगाव कुठून आणणार? म्हणून दुसरी युक्ती. काचेचा भरीव गोळा उन्हात ठेवायचा, तो मागच्या कागदी पट्टीवर डाग जाळत जातो. जितका लांब डाग, तितके तास ऊन. तासांवरून उन्हाचा हिशेब बसवता येतो.

हे सगळं जमवून 1980 साली त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं. त्यात मोजमापाची 18 केंद्रं आहेत. आपल्याला जवळचं त्यातलं नागपूर.

हे पुस्तक आपल्या कामाचं कसं, ते ऐका. आमच्या ग्रामसंघात मिनी डाळमिलवर सौर पॅनल बसवायचं ठरत होतं. विक्रेता म्हणाला, एक किलोवॅटला रोज आठ युनिट वीज. त्यावरच कर्जाचा हप्ता मांडलेला. आम्ही बसून हिशेब केला. पॅनलवर लिहिलेला आकडा हजार वॅट ऊन आणि 25 अंशांचं पॅनल धरून असतो. आपल्या भागात वर्षाची सरासरी काढली तर चौरस मीटरला दिवसाचं ऊन पाच युनिटांच्या आसपास. मे महिन्यात ते साडेसहाकडे जातं, पण तेव्हा पॅनल इतकं तापतं की वीज त्या मानानं वाढत नाही. ऑगस्टमध्ये ढगांमुळे चारापर्यंत उतरतं. धूळ, तार आणि उष्णता यांची घट वजा केली की एका किलोवॅटला दिवसाला चार युनिट धरावेत. आठ नव्हे!

हप्ता पुन्हा मांडला. आठ युनिटांच्या भरवशावर तो दर महिन्याला बायांच्या बचतीतूनच गेला असता. तूर मार्चपर्यंत घरात येते, दळण एप्रिल-मे मध्ये जोरात, पावसाळ्यात कमी. म्हणून आता हप्तेही तसेच मागितले आहेत, उन्हाळ्यात मोठे आणि पावसाळ्यात लहान. बँकेचं उत्तर यायचं आहे.