चर्मकामाची हत्यारे व कातडे : निगा

पादत्राणे, आसूड, पखाल, मोट इत्यादी वस्तू घडविणाऱ्या कारागिराची लोखंडी हत्यारे व कमावलेले कातडे गंज, बुरशी आणि शुष्कता यांपासून राखण्याची रीत. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आताचा राजगड) हे तालुके सह्याद्रीच्या कुशीत असल्याने मृगापासून चार महिने तेथील हवा दमट राहते, आणि ही निगा तेथे कारागिरीचाच भाग ठरते.

कमावणे : चुन्याच्या पाण्यात मुरवून केस काढलेली कातडी हिरडा अथवा तरवड व बाभळीची साल यांच्या अर्कात मुरली, म्हणजे त्यांतील टॅनिन नामक तुरट द्रव्य तिच्या तंतूंशी बद्ध होऊन ती कुजेनाशी होते. जुन्या गावगाड्यात हे काम प्रायः ढोर व शिवण्याचे काम चांभार करीत. ज्यांच्या मोटेवाचून व वाद्यांवाचून मळा भिजत नसे, त्यांस बलुते देऊनही गाव कुसाबाहेरच ठेवीत असे.

लोखंडाचा डाग : नीरेच्या ज्या खोऱ्यास जुन्या कागदपत्रांत हिरडस मावळ म्हटले आहे, तेथील डोंगरांत होणारा हिरडा पूर्वी हिराकसाशी मिसळून काळी शाई करण्याच्याही कामी येई. दप्तराची जोखीम वाहणाऱ्या सचिवांच्या, १९४८ साली विलीन झालेल्या भोर संस्थानात जी रासायनिक क्रिया कारकुनाच्या बोरूस उपकारक, तीच चर्मकारास घातक. कारण ओल्या कातड्यास गंजकी रापी, म्हणजे कातडे कापण्याचे पाते, टेकताच लोखंड व टॅनिन यांच्या संयोगाने सहसा न निघणारा काळा डाग पडतो. म्हणून हत्यार कोरडे राखणे ही मालाचीच निगा होय.

हत्यारे : रापीस दगडावर धार लावून ती शेवटी कातड्याच्या पट्टीवर फिरवितात, व काम संपताच पाते पुसून त्यावर तेलाचा पुसट हात देतात. आरी बोथट झाल्यास भोक न पडता कातडे फाटते, यास्तव तिचे टोक मेणाच्या गोळ्यात रोवून ठेवावे; तेच मेण शिवणीच्या सुतास चोळल्याने त्यात पाणी शिरत नाही. कातडे ओल धरून ठेवीत असल्याने हत्यारे चामडी म्यानात फार काळ ठेवू नयेत.

पावसाळ्यातील जपणूक : सालीने कमावलेले ओले कातडे सुमारे ७० ते ८५ अंश सेल्सिअस उष्णतेस आकसून कडक होते, म्हणून ते चुलीशी न धरता सावलीत वाऱ्यावर सुकवावे आणि किंचित दमट असतानाच त्यास करंजेल वा एरंडेल चोळावे. भिंतीस व जमिनीस न टेकविता ते दांडीवर ठेवावे. बुरशी आल्यास उघड्यावर कोरड्या फडक्याने पुसावी.

क्रोमकातडे : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आलेल्या क्रोमक्षारांच्या पद्धतीने कमावलेले कातडे उष्णता अधिक सोसते व त्यावर लोखंडाचा तसा डाग पडत नाही. त्यामुळे पाते पुसण्याची सवय सुटण्याचा संभव असतो. परंतु डागाचे भय गेले तरी गंज राहतोच, आणि गंजलेली धार कोणतेही कातडे सफाईने कापीत नाही.