दाखल्याविना झुरिकच्या दारात: सोळा वर्षांच्या आइन्स्टाइनची प्रवेशपरीक्षा

१/ ‘आइन्स्टाइन गणितात नापास झाला होता’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे. बहुधा निकालाच्या दिवशी, कुणाच्या तरी सांत्वनासाठी. ते खोटे आहे. मात्र ज्या घटनेच्या आसपास ही दंतकथा वाढली, ती घटना खरी आहे आणि दंतकथेपेक्षा कितीतरी रोचक आहे. एका देशातील शाळा अर्धवट सोडून आलेला मुलगा दुसऱ्या देशातील नामांकित संस्थेत प्रवेश मागतो, तेव्हा नेमके काय घडते, याविषयी आजचा धागा.

२/ प्रारंभ म्युनिकमध्ये होतो. आल्बर्टचे वडील हेरमान आणि काका याकोब यांचा तेथे विद्युत उपकरणांचा कारखाना होता. शहरातील दिव्यांचे मोठे कंत्राट प्रतिस्पर्ध्याकडे गेले आणि कारखाना डबघाईला आला. १८९४ मध्ये कुटुंबाने उत्तर इटलीत नशीब अजमावायचे ठरवले. आई, वडील आणि धाकटी बहीण माया आधी मिलानला व पुढे पाव्हियाला गेली. पंधरा वर्षांचा आल्बर्ट मात्र लुइटपोल्ड गिम्नाझियममधील उरलेली वर्षे पुरी करण्यासाठी म्युनिकमध्येच नातेवाइकांकडे राहिला.

३/ जर्मन गिम्नाझियमच्या अखेरीस ‘आबिटूर’ ही परीक्षा असे. ती उत्तीर्ण झाली की जर्मन विद्यापीठाचे दार उघडे. ती नसेल तर तेच दार जवळजवळ बंद. म्हणूनच पालकांनी मुलाला मागे ठेवले. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, पण मुलाला तो मानवला नाही. पाठांतराची सक्ती आणि शाळेतली लष्करी शिस्त त्याला असह्य वाटे. शिवाय एक घड्याळ टिकटिकत होते: सतरा वर्षे पूर्ण होण्याआधी नागरिकत्व सोडले नाही, तर जर्मन सैन्यातील सक्तीची सेवा अटळ होती.

४/ मग त्याने जे केले त्यात धूर्तपणा आणि हतबलता दोन्ही दिसतात. ओळखीच्या डॉक्टरकडून त्याने मानसिक थकव्याचे प्रमाणपत्र घेतले. गणिताच्या शिक्षकांकडून आणखी एक कागद मिळवला: या मुलाचे गणित शाळेच्या अखेरच्या पातळीपर्यंत पोहोचले आहे, अशा आशयाचा. २९ डिसेंबर १८९४ रोजी तो इटलीच्या गाडीत बसला. हाती आबिटूर नव्हते. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याच्यापाशी शाळा सोडल्याचा दाखला होता, पण शाळा पूर्ण केल्याचा नव्हता.

५/ आता पुढे काय? येथे झुरिकचे पॉलिटेक्निक चित्रात येते. १८५५ मध्ये सुरू झालेली ही स्विस संघराज्याची तंत्रशिक्षण संस्था. आज आपण तिला ‘ईटीएच’ म्हणून ओळखतो. तिच्या नियमांत एक फट होती. मान्यताप्राप्त शालान्त प्रमाणपत्र नसलेल्या उमेदवारालाही स्वतंत्र प्रवेशपरीक्षा देता येई. जर्मनीत जे अशक्यप्राय होते, ते आल्प्सच्या कुशीत केवळ कठीण होते. शिवाय परीक्षा जर्मन भाषेतच होती. पाव्हियात बसून इटालियन शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा.

६/ अडचण दुसरीच होती. किमान वयाची अट अठरा वर्षांची, आणि आल्बर्ट सोळाचा. उल्मपासूनचे कौटुंबिक स्नेही गुस्ताव मायर झुरिकमध्ये राहत. त्यांनी संस्थेचे संचालक आल्बिन हेर्झोग यांना पत्र लिहून सवलत मागितली. हा मुलगा असामान्य आहे, असा त्या शिफारशीचा सूर होता.

७/ हेर्झोग यांचे सप्टेंबर १८९५ मधील उत्तर उपलब्ध आहे, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत समंजस कागद तोच. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: तथाकथित विलक्षण बुद्धीच्या मुलालाही सुरू केलेल्या शाळेतून मध्येच काढणे, अनुभवाअंती, हितावह दिसत नाही. त्याने शिक्षण तेथेच पूर्ण करावे. तरीही कुटुंबाचा आग्रह असेल, तर वयाची अट शिथिल करून आपण त्याला परीक्षेस बसू देऊ. म्हणजे उपदेश ठाम, पण दार किलकिले.

८/ ऑक्टोबर १८९५ मध्ये परीक्षा झाली. गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांत मुलाने परीक्षकांवर छाप पाडली. परंतु परीक्षेचा दुसरा भाग सामान्य ज्ञानशाखांचा होता: भाषा, साहित्य, राजकीय इतिहास, निसर्गविज्ञान. तेथे तो कमी पडला. निकाल: प्रवेश नाही.

९/ येथे क्षणभर थांबू या. हे अपयश बुद्धीचे होते का? अंशतः ते दोन शिक्षणपद्धतींमधल्या अंतराचे होते. म्युनिकच्या गिम्नाझियममध्ये लॅटिन आणि ग्रीक हे शिक्षणाचे दोन खांब होते. झुरिकच्या तंत्रसंस्थेला फ्रेंच आणि निसर्गविज्ञान हवे होते. त्या परीक्षेत ग्रीकला कुणी विचारत नव्हते. वर्षानुवर्षे गिरवलेली क्रियापदे सीमा ओलांडताच कवडीमोल झाली होती. आणि जे हवे होते ते शिकण्याआधीच त्याने शाळा सोडली होती. तो वयाने इतर उमेदवारांपेक्षा निदान जवळपास दीड वर्षाने लहान होता, हेही विसरू नये.

१०/ भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हाइनरिख वेबर इतके प्रभावित झाले, की झुरिकमध्येच राहणार असशील तर माझ्या व्याख्यानांना येऊन बस, असे त्यांनी त्याला कळवले. मोह मोठा होता. हेर्झोग यांचा सल्ला मात्र वेगळा आणि रुक्ष: एक वर्ष आराऊच्या कॅन्टोनल शाळेत काढ, तेथील ‘माटूरा’ परीक्षा दे आणि मग ये, प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यावी लागणार नाही. कुटुंबाने रुक्ष सल्ला स्वीकारला.

११/ आराऊ हे झुरिकच्या पश्चिमेचे छोटे गाव. तेथील शाळेवर पेस्तालोझीच्या विचारांची छाया होती: आधी पाहणे, हाताळणे, कल्पनेत चित्र उभे करणे, सूत्र नंतर. प्रयोगशाळा उत्तम. आल्बर्टची राहण्याची सोय योस्ट विंटेलर या शिक्षकांच्या भरल्या घरात झाली आणि ते घर त्याला इतके आपले वाटले, की पुढे बहीण माया त्याच घरची सून झाली. मागे राहिलेल्या फ्रेंच व रसायनशास्त्रासाठी त्याला जादा शिकवणी घ्यावी लागली. प्रकाशकिरणाच्या पाठोपाठ त्याच्याच वेगाने धावले तर काय दिसेल, हा प्रश्न त्याला पडला तो याच आराऊमध्ये. दहा वर्षांनी विशेष सापेक्षता सिद्धान्ताकडे नेणारी वाट येथे सुरू होते, असे तो स्वतः पुढे सांगत असे.

१२/ मधल्या काळात वडिलांमार्फत नागरिकत्व सोडण्याचा अर्ज गेला होता. २८ जानेवारी १८९६ रोजी व्युर्टेम्बर्गच्या नागरिकत्वातून त्याची मुक्तता झाली. सतरावा वाढदिवस अवघ्या दीड महिन्यावर होता. पुढची पाच वर्षे तो कोणत्याच देशाचा नागरिक नव्हता. १९०१ मध्ये स्वित्झर्लंडने त्याला आपला मानला. झुरिकला शिकताना जिनोआची मावशी दरमहा शंभर फ्रँक पाठवी, त्यातले वीस तो स्विस नागरिकत्वाच्या शुल्कासाठी बाजूला ठेवी.

१३/ सप्टेंबर १८९६: माटूरा. बीजगणित ६, भूमिती ६, भौतिकशास्त्र ६, इतिहास ६, रसायनशास्त्र ५, भूगोल ४, फ्रेंच ३. आता गंमत पाहा. या शाळेत सर्वोत्तम गुण ६. म्युनिकमध्ये सर्वोत्तम १. त्यात भर म्हणजे खुद्द आराऊच्या शाळेने आइन्स्टाइन तेथे शिकत असतानाच आपली मोजपट्टी उलटी केली. आधी १ श्रेष्ठ होता, नंतर ६. ती गुणपत्रिका चुकीच्या मोजपट्टीने वाचणाऱ्याला गणितातील ६ म्हणजे दारुण अपयश वाटले, तर नवल नाही. १९३५ मध्ये प्रिन्स्टन येथे कुणी ही अफवा छापील स्वरूपात त्याच्यासमोर ठेवली, तेव्हा त्याने ती साफ नाकारली आणि पंधरा वर्षांचा होण्याआधीच आपण कलनशास्त्र आत्मसात केले होते, हे सांगितले.

१४/ फ्रेंचचे ३ मात्र खरोखरच ३ होते. त्याच फ्रेंच परीक्षेत त्याने भविष्यातील बेतांवर छोटा निबंध लिहिला. झुरिकला चार वर्षे गणित व भौतिकशास्त्र शिकायचे आणि मग शिक्षक व्हायचे, असा तो बेत. व्याकरणाच्या चुकांसकट तो निबंध जपला गेला आहे.

१५/ ऑक्टोबर १८९६ मध्ये पॉलिटेक्निकच्या गणित-भौतिकशास्त्र शिक्षक घडवणाऱ्या विभागात त्याला प्रवेश मिळाला. वय साडेसतरा, अट अजूनही अठराची, पण हेर्झोग यांनी शब्द पाळला. त्याच तुकडीत आणखी एक उमेदवार परक्या शिक्षणपद्धतीतून आली होती आणि तिची वाट अधिक खडतर होती. मिलेवा मारिच ही ऑस्ट्रिया-हंगेरीतील सर्बियन मुलगी. झाग्रेबच्या मुलांच्या गिम्नाझियममध्ये भौतिकशास्त्राच्या तासांना बसण्यासाठी तिला खास परवानगी काढावी लागली होती. १८९४ मध्ये ती झुरिकच्या मुलींच्या शाळेत आली, बर्नमध्ये माटूरा उत्तीर्ण झाली, विद्यापीठात एक सत्र वैद्यक शिकली आणि मग गणिताची प्रवेशपरीक्षा देऊन पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाली. स्त्रियांना पदवी देणारे झुरिक त्या काळी युरोपभरच्या, विशेषतः रशियातून येणाऱ्या, विद्यार्थिनींचे आश्रयस्थान होते. तिच्या या अर्जाविषयी कुणी दंतकथा रचली नाही.

१६/ आणि वेबर? १८९५ मध्ये नापास मुलाला व्याख्यानांना बोलावणाऱ्या या प्राध्यापकांचे त्याच मुलाशी पुढे बिनसले. १९०० मध्ये आइन्स्टाइन पदविका घेऊन बाहेर पडला, तेव्हा वेबर यांनी त्याला साहाय्यकाची जागा दिली नाही.